चालता किल्ला रेखाटताना: मराठवाड्यातल्या वास्तूंवरून महाकाय युद्धयंत्राची रचना

गेम, कॉमिक किंवा ॲनिमेशनसाठी पायांवर चालणारं अवाढव्य युद्धयंत्र काढायला घेतलं, की नवखी मुलं बहुधा आधी रोबो काढतात. मग त्याच्या खांद्यावर बुरूज, डोक्यावर कळस आणि छातीवर कमान चिकटवतात. चित्र भरगच्च होतं, पण यंत्र खरं वाटत नाही. किल्ल्याचा बुरूज गोल असतो त्याला कारण असतं, आणि मंदिराचं जोतं उंच असतं त्यालाही कारण असतं. ते कारण उचललं तर आकार आपोआप त्याच्या मागे येतो. नुसता आकार उचलला तर हाती सजावट उरते.

मराठवाड्यात राहणाऱ्याला यासाठी परदेशी वाड्यांचे फोटो धुंडाळत बसायची गरज नाही. देवगिरी, नळदुर्ग, परंडा, औसा, उदगीर, कंधार, धारूर हे किल्ले आहेत. वेरूळची लेणी आहेत, औंढा नागनाथाचं मंदिर आहे, छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आहे. एवढ्या सामग्रीत दहा यंत्रं उभी राहतील. आपण एकच उभं करू, पण पायापासून.

पायरी १: एक वास्तू निवडा आणि वही घेऊन तिथे जा

सुरुवातीला एकच वास्तू घ्या. नवख्या माणसासाठी मी देवगिरी सुचवेन, कारण तिथे एकाच चढाईत सगळं भेटतं: एकामागून एक दरवाजे, काळाकोट ही आतली तटबंदी, मेंढा तोफेचा बुरूज, खंदक, अंधारी म्हणजे काळोखा भुयारी जिना आणि वर बारादरी हा महाल. संभाजीनगरहून तो पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे. त्याच रस्त्याने पुढे वेरूळ लागतं, फक्त वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. मोबाइलने फोटो काढा. ट्रायपॉड किंवा ड्रोन वापरायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी लागते. अंधारीत वटवाघळं आहेत, म्हणून बॅटरी आणि तोंडाला रुमाल जवळ ठेवा.

तिथे गेल्यावर सुंदर देखावा काढत बसू नका. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी टिपा. वरचं वजन कुठून खाली उतरतं? शत्रू इथे आला तर त्याला काय करता येत नाही? आणि इथे काय हलतं, फिरतं किंवा उघडतं?

देवगिरीचा डोंगर सुमारे २०० मीटर उंच. यादवांच्या काळात त्याचा खालचा भाग उभा तासून काढला आणि जवळपास ५० मीटरचा सरळ कडा तयार केला. त्या कड्याला हात लावून पाहा. बोट अडकवायलाही जागा सापडत नाही. आपल्या यंत्राच्या पायांचं अर्धं उत्तर या तासलेल्या कड्यातच आहे; त्याकडे पुढे येऊ.

पायरी २: लढाई कुणाशी आणि कोणत्या रानात, ते ठरवा

यंत्र कुणी बांधलं, कुणाविरुद्ध बांधलं आणि ते कुठे चालणार, हे चार ओळींत लिहा. राज्य काल्पनिकच ठेवा. खऱ्या राजवटी एकमेकींविरुद्ध उभ्या केल्या की वाचणाऱ्याचं लक्ष यंत्रावरून उडतं.

जमीन मात्र खरी घ्या. मराठवाड्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि मऊ पडते. तिच्याखाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. गोदावरीकाठच्या गाळात चालणारं यंत्र आणि बालाघाटाच्या खडकाळ माथ्यावर चालणारं यंत्र यांचे पाय सारखे असूच शकत नाहीत.

पायरी ३: वजनाचा हिशेब

ही पायरी कंटाळवाणी वाटेल, पण ती गाळू नका. कोणतीही वस्तू सगळ्या बाजूंनी दुप्पट मोठी केली की तिचं वजन आठपट होतं, पण पायाचा आडवा छेद चौपटच होतो. म्हणजे पायावरचा ताण दुप्पट. गॅलिलिओने १६३८ साली हेच मांडलं होतं. हत्तीचे पाय हरणासारखे बारीक का नसतात, हेही यातूनच कळतं. तुमचं यंत्र माणसासारख्या सडपातळ पायांवर दहा मजले उंच उभं असेल, तर जाणकार वाचकाला ते पहिल्या नजरेतच मोडलेलं दिसतं.

आता दगडाचं बघू. आपला काळा पाषाण घनमीटरला पावणेतीन-तीन टन भरतो. फूटभर जाडीचा दगडी थर अंगावर चढवला, तर दर चौरस मीटरला आठशे किलोंहून जास्त ओझं होतं. दोन सेंटीमीटर जाडीचा पोलादी पत्रा तेवढ्याच जागेला सुमारे १५७ किलो भरतो. म्हणून अंग पोलादाचं ठेवा आणि दगड फक्त कारण असेल तिथे वापरा. दगड दाबाला खंबीर असतो, ताणाला आणि वाकण्याला कच्चा. जुन्या सभामंडपांत खांब इतके जवळजवळ का असतात? लांब दगडी तुळई मधोमध तडकते म्हणून. चालताना पाय सतत वाकतो आणि हिसके खातो, त्यामुळे दगडी पाय ही कल्पना सोडून द्या.

पायरी ४: पाऊल

आपल्या उदाहरणाचं यंत्र २४० टनांचं धरू, पाय सहा. सहा पायांची सुरक्षित चाल म्हणजे तीन पाय जमिनीवर, तीन हवेत. म्हणजे टेकलेल्या प्रत्येक पावलावर ८० टन. कोरडी काळी माती चौरस मीटरला साधारण १५ टन पेलते असं धरतात. मग पाऊल साडेपाच चौरस मीटरच्या आत बसतं. माती भिजून अगदी मऊ झाली आणि ५ टनच पेलू लागली, तर तेच पाऊल १६ चौरस मीटरचं लागतं, म्हणजे चार मीटर लांब, चार मीटर रुंद. घरातली एक मोठी खोलीच! नवख्यांच्या चित्रात पावलं जवळजवळ नेहमी लहान असतात. तुम्हाला जेवढं पाऊल योग्य वाटतं त्याच्या दुप्पट काढा, मग हिशेबाशी ताडून पाहा.

पाऊल टेकवण्याइतकंच ते चिखलातून उपसणंही अवघड असतं. इथे वेरूळचं कैलास लेणं कामी येतं. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, ते वरून खाली कोरत आणलं. त्याच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे आणि सगळं मंदिर त्यांच्याच पाठीवर उभं आहे असं वाटतं. त्या हत्तींचे पाय जवळून रेखाटा. खऱ्या हत्तीच्या तळव्यात मऊ गादी असते: भार पडला की पाऊल पसरतं, उचललं की आकसतं, त्यामुळे ते चिखलात अडकून बसत नाही. यंत्राच्या पावलाला अशाच उघडमीट होणाऱ्या पाकळ्या द्या. टेकताना रुंद, उचलताना अरुंद. पाकळ्यांची रचना नळदुर्गच्या नवबुरुजावरून घेता येईल. त्या बुरुजाचा घेर सलग गोल नाही, नऊ पाकळ्यांचा आहे.

पायरी ५: बसलं की किल्ला, उठलं की प्राणी

हा या सगळ्याचा गाभा आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

वास्तू स्थिर असते, यंत्र चालतं. या दोघांचं भांडण मिटवल्याशिवाय रचना जमत नाही. त्याचं उत्तर खाणीत माती उपसणाऱ्या ड्रॅगलाइन नावाच्या यंत्रांत मिळतं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात १९६९ साली कामाला लागलेलं ‘बिग मस्की’ सुमारे १२,००० टनांचं होतं आणि ते खरोखर चालायचं. काम करताना ते आपल्या रुंद बैठकीवर जमिनीवर बसलेलं असे. जागा बदलायची असली की बाजूच्या प्रचंड ‘बुटां’वर भार घेऊन अंग उचलायचं, थोडं सरकायचं आणि पुन्हा बसायचं. एवढं मोठं वजन खरोखर चालवून दाखवणाऱ्या यंत्रांची हीच रीत आहे.

आपल्या यंत्रालाही बसायला शिकवा. मारा करायचा तर पाय दुमडून पोट जमिनीला टेकवायचं. पोटाचा तळ म्हणजे मग मंदिराची जगती (ज्या ओट्यावर मंदिर उभं असतं तो), किल्ल्याचं जोतं. दुमडलेले सहा पाय सहा बुरुजांसारखे भोवती उभे राहतात. मांडीच्या बाहेरच्या बाजूला तटाची वीट किंवा घडीव दगडाची नक्षी द्या, म्हणजे बसल्यावर त्या मांड्या जुळून सलग तट दिसेल. उठताना तो तट सहा ठिकाणी उकलतो आणि आतलं पोलाद, पिस्टन, नळ्या उघड्या पडतात. बघणाऱ्याला धक्का बसतो तो याच क्षणी. म्हणून प्रत्येक भाग दोनदा काढा, बसलेला आणि उभा. दोन्ही चित्रांत तो जुळला नाही तर आधी तो दुरुस्त करा आणि मगच पुढे जा.

याच्या उलट उदाहरणही लक्षात ठेवा. फ्रान्समधल्या नांत शहरात २००७ पासून फिरणारा यांत्रिक हत्ती १२ मीटर उंच आणि ४८ टनांचा आहे. त्याचे पाय हलतात, पण भार खालच्या चाकांवर असतो. मिरवणुकीसाठी ते उत्तम. तुमच्या कथेत यंत्र नांगरलेल्या रानात शिरणार असेल, तर चाकं लपवून भागणार नाही.

पायरी ६: सांधे कुठून आणायचे

भिंतीला गुडघा नसतो. म्हणून बहुतेक चित्रांत वास्तू मांडीपर्यंत येते आणि सांध्यापाशी अचानक सिनेमातला रोबो सुरू होतो. यावर माझा उपाय असा: जुन्या वास्तूत जे हलायचं, तेच शोधून सांध्यांत वापरा.

किल्ल्याचा दरवाजा बिजागरीवर नसे. त्याच्या वरखालच्या खुंट्या दगडी खोबणीत फिरत. नितंबाचा उभा सांधा असाच करा, जाडजूड खुंटी आणि तिला झेलणारी खोबण. तोफेच्या नळीला दोन्ही बाजूंनी गोल दांडे असतात आणि त्यांवर ती वरखाली झुकते. गुडघा त्यावरून घ्या. देवगिरीची मेंढा तोफ, जिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं आहे, ती बुरुजावर मधल्या खुंटीभोवती फिरवता येईल अशी बसवलेली आहे. वरचा फिरता मनोरा तिच्यावरून. आणि पाय हलवणाऱ्या दाबाच्या नळ्यांसाठी पाणचक्की पाहा. डोंगरातलं पाणी बंद नळांतून येतं, दाबाने उंच भिंतीवर चढतं आणि वरून पात्यांवर पडून जातं फिरवतं. हायड्रॉलिकच्या नळ्या यंत्रावर तशाच, भिंतीच्या कडेने, मुद्दाम उघड्या दाखवता येतील.

पाय कसा उचलला जातो ते कळावं म्हणून पुठ्ठ्याचं मॉडेल करा. पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि टाचण्या एवढं पुरतं. रशियन गणिती चेबिशेव्ह याने १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात फक्त दांड्यांच्या जोडणीतून चालणारं यंत्र दाखवलं होतं. टेओ यानसेन हा डच कलावंत १९९० पासून वाऱ्यावर चालणारे सांगाडे बनवतो आहे. या दोघांच्या जोडण्या पुठ्ठ्यात करून पाहा. पावलाच्या टोकाला पेन्सिल लावून ती कागदावर कोणता मार्ग काढते ते बघा. खाली सपाट आणि वर फुगीर वळण आलं की चाल जमली.

पायरी ७: संरक्षण

आता तासलेल्या कड्याकडे परत. पायदळ यंत्राच्या पायाला दोर टाकून चढणार, हे उघड आहे. म्हणून पायाचा खालचा भाग, निदान तीन पुरुष उंचीपर्यंत, गुळगुळीत ठेवा. नक्षी, कडी, पायऱ्या, खाचा काही नको. शोभा त्याच्या वर सुरू होऊ दे. असं केल्याने चित्रालाही फायदा होतो. खाली मोकळा भाग मिळाला की वरचं कोरीव काम उठून दिसतं.

दुसरा धोका पोटाखालचा. शत्रू तिथे शिरला की वरच्या तोफा निकामी. तटातल्या जंग्या, म्हणजे बंदुकीने मारा करायच्या फटी, तिरप्या, खाली रोखलेल्या असतात, तशा जंग्या पोटाच्या कडेने द्या.

आत शिरायचा दरवाजा समोर सताड उघडा काढू नका. तटाला वळसा देऊन आडोशात दरवाजा लपवायची आपल्या किल्ल्यांची रीत आहे. मोठ्या दारात छोटी दिंडी, आत दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या. त्याच्याही आत देवगिरीसारखी अंधारी: वळणावळणाचा काळोखा जिना, वरच्या तोंडाशी निखारे पेटवून धूर खाली सोडायची सोय. यंत्राच्या एका पायातून वर जाणारा जिना असाच करा. तो पाय इतरांपेक्षा जाड असेल. असू द्या. सगळे पाय हुबेहूब सारखे असले की यंत्र कारखान्यातून आल्यासारखं दिसतं.

बुरूज गोल ठेवा; गोलाईवर गोळा घसरतो, कोपऱ्यावर तो कोपरा उडवतो. परंड्याच्या किल्ल्यासारखे दोन तट करता आले तर बाहेरचा ठेंगणा, आतला उंच, म्हणजे दोन्हींवरून एका वेळी मारा होतो.

पायरी ८: तोफा थोड्या आणि खाली

विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ १६३२ साली परंड्याहून तिकडे नेली. तिचं वजन सुमारे ५५ टन सांगतात. आपल्या २४० टनांच्या यंत्रावर ती एकटी चढवली तरी जवळपास चौथा हिस्सा तिनेच खाल्ला! आणि उडाल्यावर ती मागे रेटणार ते वेगळंच. मोठी तोफ एकच द्या, कमरेच्या उंचीवर, मधल्या रेषेत, आणि ती यंत्र बसलेलं असतानाच उडेल असा नियम करा. लहान तोफा आणि बंदुका वर फांजीवर, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेवर.

वास्तूबद्दल एक आग्रह. मंदिरातून थरांची रचना घ्या, गजथराची, म्हणजे हत्तींच्या रांगेची, लय घ्या, औंढ्याच्या मंदिरासारखा तारकेच्या आकाराचा पाया घ्या, कारण त्याच्या कोनांमुळे उन्हात सावल्या फार सुंदर पडतात. पण देवतांच्या मूर्ती युद्धयंत्रावर चढवू नका, आणि मशिदीच्या किंवा मकबऱ्याच्या मिनाराची तोफ करू नका. लोकांची श्रद्धा त्या जागांशी जोडलेली आहे, आणि चांगल्या रचनेला त्याची गरजही पडत नाही.

पायरी ९: माणसं

मोठेपणा माणसामुळे कळतो. चर्यांमधून (तटाच्या माथ्यावरच्या दगडी कंगोऱ्यांमधून) डोकावणारा शिपाई, फांजीवर वाळत घातलेलं धोतर, दिंडीतून बाहेर येणारा स्वयंपाकी, हे काढा. दरवाजा, पायरी, कठडा यांचं माप माणसाला धरूनच ठेवा. देवगिरीचा चांद मिनार सुमारे ६३ मीटर आहे. त्याच्या पायथ्याशी उभ्या माणसाचा फोटो घ्या आणि आपलं यंत्र त्याच कागदावर त्याच मापात बसवून पाहा.

हे यंत्र एकट्याने चालवायचं नाही, हेही ठरवून टाका. अमेरिकेत १९६० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकने चार पायांचा चालता ट्रक केला होता. आत बसलेला माणूस स्वतःचे हातपाय हलवून त्याचे पाय हलवायचा, आणि थोड्याच वेळात थकून जायचा. तुमच्या यंत्रात प्रत्येक पायाला एक टोळी द्या, त्यांना ताल देणारा एक नगारजी द्या. त्यांच्या खोल्या कुठे, पाणी कुठे, तोफेच्या दारूचं कोठार कुठे, हे उभ्या छेदात दाखवा. दारू कोठार पोटाच्या मधोमध, तोफेपासून दूर.

पायरी १०: चाल

ॲनिमेशन करणाऱ्यांसाठी सोपा नियम: लांबी जितकी पट वाढते, वेळ त्याच्या वर्गमुळाइतकी पट वाढते. माणसाचं एक पाऊल अर्ध्या सेकंदात पडतं. सोळापट लांब पायाचं पाऊल दोन सेकंदांत पडेल. याहून झपाट्याने हलवलंत तर यंत्र खेळण्याएवढं वाटेल. पाऊल टेकल्यावर अंग थोडं खचू द्या, मग सावरू द्या. माती पावलाच्या कडेने वर येऊ द्या.

पायरी ११: शेवटचा कागद

आधी पंधरा-वीस छोटी चित्रं नुसती काळी भरून काढा, काड्यापेटीएवढी. त्यातलं कोणतं दुरून ओळखू येतं ते मित्राला विचारा आणि तेच पुढे न्या. मग ए-३ कागदावर किंवा ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये, जे मोफत मिळतं, पूर्ण आराखडा करा: बाजूने उभं, बाजूने बसलेलं, समोरून, वरून, एका पायाच्या चालीच्या चार अवस्था आणि मधोमध कापलेला छेद. प्रत्येक चित्राशेजारी एक माणूस आणि मीटरची पट्टी. कोणता भाग कोणत्या वास्तूवरून घेतला ते बारीक अक्षरांत बाणाने लिहा, उदाहरणार्थ ‘पाऊल: नवबुरूज, नळदुर्ग’. रंग देण्याआधी हा कागद एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याला दाखवा आणि कुठला सांधा आधी तुटेल ते विचारा. तो बोट ठेवेल तो सांधा जाड करा आणि मग रंगाला हात घाला.